थाळ्याची डावी बाजू

१

गुरुवारी दुपारी एर्गाशच्या चायखान्यात पुलाव असतो. गावात कुणी मेलं, कुणी जन्मलं, तरी तो पुलाव चुकत नाय. आम्ही म्हातारे अकरालाच जाऊन पाटावरच्या लाकडी तख्तांवर मांडी ठोकतो. खालून पाणी वाहतं, वरून तुतीचं झाड आमच्या टोप्यांवर काळी फळं टाकतं, आणि एर्गाश कढईशी उभा राहून आम्हा वडीलधाऱ्यांना आका म्हणत, आमचे टोमणे खात गाजरं परततो.

दोघांत एक थाळा ही आमची रीत. मधे रेघ मारलेली नसते, पण आपल्या पुढ्यातलं आपण खायचं. पलीकडच्याच्या बाजूला बोट गेलं तर तो माणूस अधाशी तरी, नायतर जावई तरी. माझा जोडीदार तोजीबोय. एकतीस वर्षं आम्ही एका थाळ्यात जेवलो. तो माझ्या डाव्या हाताला बसायचा, कारण त्याचा उजवा कानच काय तो धड होता आणि माझी एकही शिवी त्याला चुकवायची नसायची. मी त्याच्या भाताखाली जर्दाळूच्या बिया पुरायचो, तो माझ्या टोपीत बेडूक ठेवायचा. एकदा तर मी तो मेला म्हणून गावभर सांगून आलो. बायका रडायला त्याच्या दारात जमल्या, तर हा पठ्ठ्या स्वतःच चहा घेऊन बाहेर!

औंदा वसंतातला नवरोज झाल्यावर तो खरंच मेला. तेव्हा निम्मं गाव दुपारपर्यंत आलंच नाय.

चाळीस दिवस झाले आणि मी पहिल्यांदा एकटा तख्तावर बसलो. एर्गाशनं सवयीनं दोघांचा थाळा आणला. मी खाल्लं, बोटं चाटली, तोंडावरून हात फिरवून दुवा म्हणलो. एर्गाश थाळा उचलायला वाकला आणि तसाच थांबला.

"आका, अर्धा तसाच?"

"कुठला अर्धा?"

"डावा. शिवलापण नाय तुम्ही."

मी बघितलं. थाळा रिकामा होता. निळ्या नक्षीवर तेल चमकत होतं, एक चणा राहिला होता. म्हणजे मला तरी तेवढंच दिसत होतं. मी तोंड उघडणार, तर एर्गाशचे डोळे भरलेले. "तोजीबोय-आकांचा वाटा ठेवलात तुम्ही," म्हणला. आमचा कंबर, ज्यानं जन्मात मला चांगलं म्हणलं नाय, तो उठून आला आणि माझा खांदा दाबून बोलला, "सोत्वोल्दी, साठ वर्षांत पहिल्यांदा माणसासारखा वागलास."

आता अशा वेळी कोण शहाणा खरं बोलेल? मी मान खाली घातली आणि उसासा टाकला. लय भारी उसासा होता तो.

२

माझं काम थाळे रंगवायचं. आमच्या रिश्तोनमध्ये दर तिसऱ्या घरात भट्टी आहे, पण डाळिंबाची वेल माझ्यासारखी कुणी काढत नाय, हे माझे वैरीपण सांगतील. बायको, इनोबत, माझ्यामागं बसून वाळलेले थाळे झटकते आणि मला बोलते. दोन्ही कामं ती सारख्याच जोरानं करते.

"अहो," ती म्हणली, "ही वेल इथं का मेली?"

"कुठं?"

"ही. डावीकडं आली आणि संपली. पुढं कोरा थाळा."

मी थाळा हातात फिरवला. फिरवला की दिसायचं, ठेवला की पुरं वाटायचं. म्हणलं, ऊन चढलंय. दुसऱ्या थाळ्याचं तसंच. तिसऱ्याचं तसंच. त्यात मी दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटायला लागलो. एकदा जमिनीवरची किटली लाथेनं उडवली. एकदा वाळत घातलेल्या वीस वाट्यांची उतरंड कोपरानं पाडली आणि आवाज झाल्यावर मीच विचारलं, "कोण आलं?"

सगळे पोट धरून हसले. इनोबत सोडून.

"हे कुठलं नवं सोंग?" ती म्हणली.

तिचं चुकलं नाय. लग्नाच्या वर्षी मी तीन दिवस आंधळा झालो होतो, सासऱ्याच्या गाढवांना पाणी पाजायला लागू नये म्हणून. चौथ्या दिवशी सासऱ्यानं माझ्यापुढं जर्दाळूची टोपली ठेवली आणि मी त्यातले पिकलेले तेवढेच वेचून खाल्ले. तेव्हापासून या घरात माझ्या डोळ्यांना पत नाय.

आणि खरं सांगतो, मलापण ते सोंगच वाटत होतं. कुणीतरी माझ्यावर केलेलं.

३

मग ते सुरू झालं.

तिसरा का चौथा गुरुवार असेल. मी खाल्लं, दुवा म्हणलो. एर्गाश आला, थाळा उचलला आणि हसला. "आज दोघांनी फस्त केलं म्हणायचं."

"काय?"

"स्वच्छ आहे, आका. दोन्ही बाजू."

मी माझ्या पोटाचा अंदाज घेतला. रोजचंच होतं, अर्ध्या थाळ्याचं. साठी उलटली की माणसाला दुसरं काय कळो न कळो, आपण किती खाल्लं ते कळतं. मी म्हणलं, चिमण्या असतील. एर्गाश म्हणला, चिमण्या मटण खात नाय. मी म्हणलं, मग कंबर असेल. कंबर तिकडून ओरडला, "मेल्याचा वाटा खाईन मी? माझी आई अजून जिती आहे!" आणि तोजीबोय येऊन जेवून गेला अशी गावात चर्चा झाली. लोकांना बरं वाटलं. मलापण वाटलं.

पुढच्या गुरुवारी मी कान देऊन बसलो.

भर दुपार. डोक्यावर ऊन, पाटाचं पाणी खळखळतंय, पलीकडं फासे वाजतायत. आणि माझ्या डाव्या हाताला कुणीतरी चावत होतं. मोठ्यानं नाय. दात थोडे उरलेला माणूस भात कसा तोंडात घोळवतो, तसं. मधेच थांबायचं. मी थांबलो की थांबायचं. तख्ताच्या फळ्या माझ्या मांडीखाली अंगठाभर खाली गेल्या होत्या, आणि त्या माझ्या वजनानं नाय.

मी मान वळवली. गालिचा, उशी, झाडाची सावली. कुणी नाय.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि घास तोंडात तसाच राहिला. मी मान डावीकडं वळवली, तसा डावीकडचा भाग आणखी डावीकडं सरकला. आधी जिथं काही नव्हतं तिथं आता उशी होती, पण उशीच्या पलीकडं परत काही नव्हतं. अंधार म्हणाल तर अंधारपण नाय. आपल्या पाठीमागं काय दिसतं आपल्याला? तसं. मी आणखी वळलो. ते आणखी सरकलं. मी वळतोय तेवढाच तो पण वळतोय, असं बघा.

"काय शोधताय, आका?" एर्गाशनं विचारलं.

"माशी," मी म्हणलं.

४

आता मी सोत्वोल्दी. गावातल्या सगळ्यांना मी एकदा तरी फसवलंय, मग डावीकडच्यानं काय घोडं मारलंय? मी ठरवलं, तोजीबोय असेल तर ओळख पटवून घ्यायची.

बाजारातून सुकी लाल मिरची आणली, विकणाऱ्या म्हातारीनं हातात घेतली तरी डोळे चुरचुरावेत अशी. कुटून रुमालात बांधली. गुरुवारी एर्गाशनं थाळा ठेवला तसा मी डावा हात चाचपत पलीकडं नेला, भात उकरला, आख्खी पूड खाली पुरली आणि वरून मटणाचा तुकडा नीट लावून ठेवला. पाहुण्याला लावतात तसा. मग मी माझ्या बाजूनं खायला लागलो आणि वाट बघितली.

चावणं आलं नाय.

थाळा हलला.

तळाची माती फळीवर घासते तो आवाज मला झोपेतपण ओळखू येतो, जन्म त्यात गेलाय. खर्रर्र. हळू, अर्धा फेरा. माझ्या बोटाखालून थाळ्याची कड सरकली. कुणीतरी दोन्ही हातांनी धरून फिरवावा तशी, एकाच चालीनं. मला कळत होतं काय होतंय. पण हात चालू होता, घास उचललेला होता, आणि तो तोंडात गेला.

मी तख्तावरून पाटातच उतरलो. तोंड पाण्यात घातलं. सगळा चायखाना खिदळत होता. कंबर मांडीवर थापा मारून ओरडत होता, "स्वतःची मिरची स्वतःच खाल्ली रे!" एर्गाश हसत हसत दही घेऊन धावला. झाडावरच्या साळुंक्यासुद्धा ओरडत होत्या.

मी पाण्यात बसून ऐकत होतो. उजवीकडं हसणं, समोर हसणं, मागं हसणं.

डावीकडं काही नाय.

तोजीबोयला मी ओळखतो हो. मी असा फसलो असतो तर तो हसून हसून माझ्या अंगावरच पडला असता, त्याचा तो फाटका घोगरा आवाज मशिदीपर्यंत गेला असता. एकतीस वर्षं ज्याची वाट बघितली ती घटका आली आणि तो गप्प बसेल? मेला तरी नाय बसणार.

म्हणजे तो तोजीबोय नव्हता.

मग इतके गुरुवार मी कुणाबरोबर एका थाळ्यात जेवलो?

५

घरी आलो, ओले कपडे तसेच, आणि इनोबतला म्हणलं, "मला डावीकडचं दिसत नाय."

ती कणीक मळत होती. "आणि मला उजवीकडचा नवरा दिसत नाय."

"खरं सांगतोय."

"माझ्या बापालापण खरंच सांगितलं होतं."

मी काही बोललो नाय. बहुतेक तेच तिला खटकलं. ती उठली. मी समोर भिंतीकडं बघत बसलो होतो. थोडा वेळ काहीच झालं नाय. मग ती एकदम माझ्या पुढ्यात येऊन बसली, हातात तंदूरमधली नान काढायची लोखंडी आकडी, तिचं टोक अजून लाल.

"ही आत्ता कुठं होती माहिती आहे?" ती म्हणली. "तुमच्या डाव्या डोळ्याच्या चार बोटं बाजूला. दोन वेळा आणली. पन्नास वर्षं तुम्ही तोंडानं, हातानं, रडून, हसून फसवलंत मला. पण पापणीला फसवता येत नाय. पापणी हललीच नाय तुमची."

ती रडली नाय. तिनं आकडी ठेवली, हात धुतले.

शेजारीण आली, म्हणली आधी दुवा पुटपुटून फुंकर मारणाऱ्या बाबाला बोलवा, कुणीतरी लागलंय याला. इनोबत म्हणली, "लागलं असेल तर दवाखान्यातपण बरोबर येईल. पळून जातंय थोडंच." आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्ही फरगानाला निघालो.

गाडीत मी मुद्दाम डावीकडच्या खिडकीला चिकटून बसलो. म्हणलं, आता बस कुठं बसतोस ते. काच पहाटेची थंडगार होती, खांद्याला बोचत होती. रिश्तोन मागं पडेपर्यंत बोचली. मग बोचायची थांबली. मी खांदा आणखी दाबला. काच लागत नव्हती. खांद्याला काहीतरी कोमट लागत होतं, आणि ते माझ्याबरोबर श्वास घेत होतं. माझ्याबरोबर, पण जरासं मागून.

"गप का झालात?" इनोबतनं विचारलं.

"पोचल्यावर सांगतो," मी म्हणलं. आणि पोचेपर्यंत तिचा हात धरून बसलो. लोक बघत होते. बघेनात का.

६

डॉक्टरीण मुअत्तर. चाळिशीची, लहानखुरी, आवाज असा की घोडा जागेवर उभा राहावा. तिनं डोळ्यात बत्त्या मारल्या आणि म्हणली, "आका, डोळे उत्तम आहेत. तरुणाला लाजवतील."

"ऐकलं?" मी इनोबतला म्हणलं.

"मग बिघाड कुठं आहे ते बघू," डॉक्टरीण म्हणली.

मला एका पांढऱ्या मोठ्या वाडग्यात तोंड घालून बसवलं. एक डोळा झाकला, हातात बटण दिलं. वाडग्यात कुठंही बारीक दिवा लागला की दाबायचं. नजर मधल्या ठिपक्यावरून हलवायची नाही. पहिल्या खेपेला मी अंदाजानं दाबत सुटलो. नापास कोण होईल? तिनं यंत्र बंद केलं.

"मशीनशी मस्करी करायची नाही. दिवा लावायचं थांबवून ते मधे मधे तुमचीच परीक्षा घेतं. सोळा वेळा पकडलंय तुम्हाला."

माझ्या जन्मात मला इतक्या वेळा कुणी पकडलं नव्हतं. मी दुसऱ्या खेपेला इमानानं बसलो.

तिनं कागद दाखवला. दोन डोळ्यांची दोन वर्तुळं. दोन्हींची डावी बाजू काळी कुळकुळीत. उजवी स्वच्छ. मधे सुरीनं कापल्यासारखी उभी रेघ.

"एकच डोळा गेला असता तर वेगळं," ती म्हणली. "दोन्ही डोळ्यांचा डावाच भाग गेलाय. म्हणजे रोग डोळ्यांत नाही, डोक्यात आहे. मागं, उजव्या बाजूला. डावीकडचं बघायचं काम तिथं चालतं." मग तिनं काळ्या भागातल्या एका जागेवर पेन ठेवलं. "ही एवढी जागा मात्र मला कळत नाही. इथं तुम्ही प्रत्येक वेळी बटण दाबलंत."

"तिथं दिसलं मला. फिकट काहीतरी. नखाएवढं."

"मस्करी?"

"नाय. आईची शपथ."

तिनं मला परत बसवलं, आणि कुठला दिवा कधी लागतो ते स्वतः बघत राहिली. मी समोर ठिपका धरून ठेवला. काही नाय. काही नाय. मग ते आलं, डावीकडं, माझ्या कानाच्या उंचीला. फिकट, जरा हललं. मी दाबलं. परत. दाबलं.

डॉक्टरिणीनं यंत्राचा कागद काढून दोनदा बघितला.

"आका," ती म्हणली, "तिथले दिवे मी बंद केले होते."

७

नंतर त्या मोठ्या नळीत घालून डोक्याचे फोटो काढले. गाठ होती. अक्रोडाएवढी, कवटीच्या आतून मागच्या बाजूला चिकटलेली, मेंदूला रेटणारी. हळूहळू वाढणारी जात. डॉक्टरीण म्हणली, "वाईट जातीची दिसत नाही. लवकर आलात. काढली तर नजर परत यायची चांगली आशा आहे, सगळी नाही तरी बरीच. सहा महिने थांबलात तर तो भाग दबून दबून मरेल. मग गाठ काढूनही काही उपयोग नाही, आणि तुमचा ब्रश खुंटीला."

मी तिला जेवणाऱ्याचं सांगितलं. इनोबतलापण तिथंच पहिल्यांदा कळलं. डॉक्टरीण हसली नाय. म्हणली, "असं होतं. डोळ्याकडून काही येईनासं झालं की मेंदू रिकामी जागा स्वतःच्या मनानं भरतो. कुणाला फुलं दिसतात, कुणाला माणसं. वेड नाही ते."

"मेंदू पुलाव खातो का?"

"अर्धवट लक्षात ठेवतो. तुम्हीच खाल्लं असेल, विसरला असाल."

"आणि थाळा फिरवतो?"

तिनं पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "गाठ आम्ही इथं काढू शकतो," ती म्हणली. "बाकीचं गाठ काढल्यावर बघू."

मला ती आवडली. उगीच पुढचं बोलली नाय.

गावात बातमी गेली आणि गुरुवारची सगळी मंडळी माझ्या अंगणात हजर. एर्गाश म्हणला, "आका, डोकं उघडणार या वयात? आणि तोजीबोय-आका? ते येतात तुमच्याबरोबर जेवायला. त्यांना हाकलणार?" कंबर म्हणला, "मेल्याचा वाटा पानावरून उचलू नये. तूच ठेवलास, आता तूच नाय म्हणतोस. शोभतं का?"

तेव्हा मी त्यांना खरं सांगितलं. वाटा ठेवलाच नव्हता. मला दिसतच नव्हता. तुम्ही रडलात म्हणून मी गप्प बसलो.

कंबर उठून उभा राहिला. "थट्टेला पण हद असते, सोत्वोल्दी," म्हणला आणि फाटकाबाहेर गेला. एर्गाश मान हलवत गेला. एकालाही पटलं नाय. त्या पुण्याईपायी दोन महिने कुणी मला बोललं नाय की बाबा, तुझ्या डोळ्यांचं बघ. चूक माझी, त्यांना काय बोलू?

इनोबत कपडे बांधत होती. "जायचं?" मी विचारलं.

"तुम्हाला डाळिंबं काढायचीत की त्याला जेवू घालायचंय?" ती म्हणली.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी माझं डोकं भादरलं. इनोबत चहा आणायला गेली. पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी फरशी पुसत होतं. पलंगाची गादी डावीकडं खचली. हळू, म्हाताऱ्या माणसानं बसावं तशी. मी समोरच्या भिंतीवरून नजर काढली नाय. भीती वाटली? वाटली. मानेवरचे नसलेले केस उभे राहिले.

पण मी बोललो. "हे बघ," म्हणलं, "तू कोण, कुणाचा, मला माहिती नाय. पण उद्या ती बाई पडदा फाडणार आहे. मग मी तुझ्याकडं बघणार. तुला चालत नसेल तर आजच ऊठ."

गादी तशीच राहिली.

८

गाठ निघाली. मी जगलो. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरिणीनं विचारलं, "मी कोण?" मी म्हणलं, "माझी आत्या." ती इनोबतकडं वळून म्हणली, "मेंदू पहिल्यासारखाच आहे."

डावी बाजू लगेच आली नाय. डॉक्टरीण म्हणली होतीच, कडेकडेनं येईल, भट्टी थंड होते तशी, घाई केली तर तडकेल. आणि एक काम दिलं. रोज सकाळी एका जागी ताठ बसायचं. डोकं न हलवता डोळे डावीकडं न्यायचे, जिथं दिसायचं थांबतं तिथं टेकवायचे आणि दहा मोजायचे. शंभर वेळा. "तिकडं बघायला कंटाळायचं नाही," ती म्हणली. "माणसं तिथंच चुकतात. आंधळ्या बाजूला बघणं टाळतात आणि ती बाजू कायमची जाते."

कंटाळायचं नाही म्हणली. घाबरायचं नाही असं तिनं म्हणायला पायजे होतं.

मी अंगणातल्या तख्तावर बसून बघायला लागलो. टरबुजं संपून खरबुजं आली. पहिल्या आठवड्यात मधल्या रेघेच्या पलीकडं बोटभर करडं उजाडलं. दुसऱ्या आठवड्यात वीतभर. किटली परत आली. दाराची चौकट परत आली. एका सकाळी तुतीची आख्खी फांदी परत आली आणि मी तिच्याकडं बघून रडलो. हे इनोबतला सांगू नका. रंगवलेल्या थाळ्यावर वेल आता पाऊण फेरा जाते.

आणि फळ्या रोज खचतात. बघायला बसलो की खचतात.

कालचीच गोष्ट. शंभरातले साठ झाले होते. मी डोळे डावीकडं नेले, कडेला टेकवले. एक, दोन, तीन. करड्यात एक गुडघा होता.

कापड मळकं, कुठल्याही म्हाताऱ्याचं असतं तसं. चार, पाच. गुडघ्यावर हात. बोटं गुडघ्यात रुतलेली, घट्ट. सहा. त्याच्यावर खांदा. सात. मी डोळे काढले नाय, शंभर म्हणजे शंभर. आठ. मग फिकट, नखाएवढं. ती कानाची पाळी होती. मागच्या बाजूनं दिसत होती.

नऊ.

तो माझ्याकडं बघतच नव्हता. इतके दिवस मला वाटत होतं तो माझ्याकडं बघतोय. त्यानं मान वळवली होती, पार डावीकडं, जितकी वळेल तितकी, मानेच्या शिरा ताणलेल्या. तो त्याच्या डावीकडं बघत होता. आणि न बघता, आपली पाठ माझ्या बाजूला करून, कणाकणानं माझ्याकडं सरकत होता.

दहा.

"झाले का शंभर?" इनोबतनं घरातून हाक मारली.

"एकसष्ट," मी म्हणलं.

उरलेले एकोणचाळीसपण मी केले. डॉक्टरीण म्हणते फक्त दोन विती राहिल्यात, असेच बसत राहिलात तर थंडीच्या आत मोकळ्या होतील. तो ज्याच्याकडं बघतोय ते पलीकडचं अजून मला दिसत नाय. आज सकाळी बसलो तर तो माझ्या इतका जवळ आलेला की त्याचा दंड माझ्या दंडाला लागत होता, आणि तो थरथरत होता. मी माझा दंड काढून घेतला नाय. म्हणलं, बस बाबा. आणि डोळे डावीकडं नेले.